ओळ देणारी

१

पालघरच्या त्या ग्रंथालयात दारावरच पाटी होती: ‘येथे मनात वाचावे.’ हेमालीला पहिल्या दिवशी तिचं हसू आलं. सगळीकडं ‘शांतता राखा’ लिहितात, या प्रेसबिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची तऱ्हाच न्यारी, असं म्हणून तिनं पाटीचा फोटोसुद्धा काढला.

पाटीखाली खुर्ची टाकून बळवंतकाका बसलेले असायचे. ते मंडळीचे वडील होते. वडील म्हणजे त्यांच्या चर्चचा कारभार बघणारे जे चारदोन मानकरी निवडतात, त्यांतले एक. सत्तरी उलटलेली, शर्टाला कडक इस्त्री आणि बोलायची भारी हौस. माणूस सापडला की सोडायचे नाहीत. पण ते सगळं व्हरांड्यात. उंबरा ओलांडला की काका मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. मागितलेली पेटी टेबलावर ठेवायची, बोटानं खूण करायची आणि पाय न वाजवता बाहेर यायचं.

इमारत म्हणजे मंडळीचं जुनं उपासनागृह. मंडळीनं स्टेशनजवळ नवं बांधलं आणि जुन्यात मिशनचे कागद, पुस्तकं, तसबिरी असं सगळं आणून रचलं. पाळकसाहेब पूर्वी ज्या बाजूच्या खोलीत झगा चढवायचे, ती झाली वाचनाची खोली. तिथून एक दार मोठ्या हॉलमध्ये उघडायचं. उघडायचं म्हणजे पूर्वी. आता त्याला वरच्या बाजूला जाडजूड लोखंडी कडी घातलेली असायची. पलीकडं बाकं तशीच रांगेनं आहेत आणि पत्रे गळतात, म्हणून कुणी जात नाही, असं काका म्हणाले.

हेमालीला हॉलशी काही कर्तव्य नव्हतं. किनाऱ्यावरच्या मिशनचा इतिहास हा तिच्या पीएचडीचा विषय. मार्गदर्शक मॅडमनी दिलेली शेवटची मुदत जवळ आली होती, आणि बोईसरहून स्कूटीवर येऊन दुपारपर्यंत जेवढं होईल तेवढं उरकून तिला घरी पळायचं असायचं. घरी सलोनी होती.

२

सलोनी चार वर्षांची झाली होती आणि अजून एक शब्द बोलली नव्हती.

कान तपासून झाले, डोक्याचे फोटो काढून झाले. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात. निमेश, हेमालीचा नवरा, तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. तो रोज डबा उचलताना म्हणायचा, “बोलेल गं. तुझीच पोर हाय, बोलायला लागली की थांबायची नाय.” सासूबाई जमुना सातपाटीहून नातीला सांभाळायला येऊन राहिल्या होत्या. त्यांनी जमतील तेवढे नवस बोलून टाकले होते. रात्री भांडी घासताना त्या स्वतःशीच पुटपुटायच्या, “आमच्या घरान मुकं कोनी जल्मलं नाय. दर्यावरून हाक मारनारी मानसं आमी.”

हेमालीला पीएचडी नको होती, मान नको होता. त्या पोरीच्या तोंडून एकदा ‘आई’ ऐकायचं होतं. शेजारची पोरं जिन्यात कलकलाट करत जायची तेव्हा तिला त्यांचा राग यायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक पद्धत शिकवली होती. शब्द स्पष्ट म्हणा. मग थांबा. मुलीच्या तोंडाकडं बघा. तिच्या उत्तराची जागा रिकामी ठेवा, तुम्ही भरू नका. तेव्हापासून हेमाली घरभर तेच करायची. “पाणी.” थांबायची. “चपाती.” थांबायची. सलोनी तिच्याकडं टकामका बघायची आणि ती रिकामी जागा रिकामीच राहायची. महिने गेले, थांबण्याची सवय मात्र हेमालीच्या अंगात मुरली. भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा ती वाक्य टाकून मध्येच थांबायची.

३

तिसऱ्या पेटीत गीतं निघाली.

मंडळीत वाचता येणारे थोडे, म्हणून एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी तीच मागून म्हणायची, ही रीत मिशनरी आपल्या देशातून घेऊन आले होते. हेमालीच्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यावरच होतं. तिला गीतांचा मजकूर संगणकात हवा होता आणि टाइप करायला वेळ नव्हता. तिनं पाटीकडं काणाडोळा केला. मोबाइल टेबलावर ठेवला, बोलून टाइप करायची सोय चालू केली आणि हळू आवाजात वाचायला लागली.

“प्रभू, पाणी काळं झालं.”

ती थांबली. सवयीनं.

“प्रभू, वारा उलटा फिरला.”

पान संपल्यावर तिनं मोबाइल बघितला. प्रत्येक ओळ दोनदा उमटली होती. मोबाइल जुना, नेट यथातथा, असं चालायचंच. तिनं जादा ओळी खोडायला घेतल्या तेव्हा तिला दिसलं, की दुसऱ्या खेपेच्या ओळी पहिल्यासारख्या नव्हत्या. तिनं ‘पाणी काळं झालं’ म्हटलं होतं. खाली ‘पानी कालं झालं’ असं होतं.

हे मात्र तिला गमतीचं वाटलं. सासरी येऊन सहा वर्षं झाली, जिभेवर सातपाटी चढली असणार. मी एकदा असं आणि एकदा तसं म्हणत असेन, मोबाइल बिचारा दोन्ही लिहितोय. हेमाली शिकलेली बाई, तिला कारण लागायचं, आणि कारण सापडलं की तिचं समाधान व्हायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं पंखा बंद करून वाचून बघितलं. ओळ म्हटली आणि थांबली. बाहेर रिक्षा गेली. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजली. आणि कडी घातलेल्या दाराच्या पलीकडं श्वास घेतल्याचा आवाज आला.

एका माणसाचा नव्हे. खूप माणसं एकदम गायला लागण्याआधी छातीत वारा भरून घेतात ना, तसा. श्वासानंतर गाणं मात्र तिला ऐकू आलं नाही. मोबाइलवर तीच ओळ दुसऱ्यांदा उमटत गेली.

४

दुपारी तिनं व्हरांड्यात काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, “काका, ती ओळीवर ओळ म्हणायची रीत तुम्ही पाहिलीय का हो?”

काकांना एवढंच हवं होतं. “पायली म्हंजे? माझा बापूस ओळ देनारा होता. आमच्याकडं त्याला ‘ओळ देनं’च म्हनायचे. काय आवाज होता! तो ओळ द्यायचा आनि शंभर मानसं उचलायची. पन मोठी जोखीम हां ती. ओळ देनाऱ्यानं मधी थांबायचं नाय. मानसं तोंड उघडून बसलेली असतात, त्यांना फुडचं ठाऊक नसतं. गीत उचललंत तर तडीला न्यायचं. ओळ देनाऱ्याचा आवाज बसला तर जवळ जो असेल त्यानं घ्यायचं. पोर असो, बाई असो.”

“आणि होड्यांचं एक गीत आहे ना? पाणी काळं झालं...”

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. काचा स्वच्छ होत्या, तरी पुसत राहिले. “ते उपासनेतलं नाय. वादळात होड्या अडकल्या की म्हनायचे. त्याला ठरलेला शेवट नाय. होड्या दिसल्या की आमेन म्हनून थांबायचं. दिसेपरेंत म्हनत ऱ्हायाचं.”

“आणि दिसल्याच नाहीत तर?”

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “ताई, तुमी मोठ्यानं तर वाचत नाय ना आत?”

“नाही हो,” हेमाली म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळं तिचे कान तापले. जाताना मात्र तिनं मनाशी ठरवलं, की आता बोलून टाइप करणं बंद. उरलेल्या पानांचे फोटो काढायचे आणि विषय संपवायचा. मनात पाल चुकचुकली की शहाण्या माणसानं मागं फिरावं, एवढी अक्कल तिला नक्कीच होती.

५

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सातपाटीला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं, निमेशची दिवसपाळी होती. मग हेमालीनं सलोनीला बरोबर आणलं. खोडरबर, रंगखडू, चिवड्याचा डबा असा सगळा जामानिमा होता. काकांनी पोरीच्या गालाला हात लावला, आतून पेटी आणून दिली आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

हेमाली फोटो काढत होती. सलोनी समोरच्या खुर्चीत पाय हलवत कागदावर रेघोट्या मारत होती. गीताच्या शेवटच्या पानाचा फोटो काढायला हेमालीनं ते उजेडात धरलं. शाई फिकट होती. एक शब्द लागेना, तेव्हा नकळत तिच्या तोंडून ओळ निघून गेली.

“आमची माणसं दूर राहिली.”

पलीकडून श्वास आला. हेमालीनं ओठ घट्ट मिटले. पण सलोनीनं मान वर केली होती. ती दाराकडं बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, पण ‘आमची’मधला ‘आ’ तिच्या तोंडात स्पष्ट दिसत होता. चार वर्षांत जे कुणालाच जमलं नव्हतं, ते त्या दारापलीकडच्या श्वासानं केलं होतं.

इथं कुणीही शहाणी बाई पोरीला उचलून बाहेर पडली असती. हेमालीलाही ते कळत होतं. पण पोरीचे ओठ हलत होते.

“दिवा आम्ही विझू देत नाही,” ती म्हणाली आणि थांबली.

श्वास आला. आता त्यामागून आवाजही आला, लांबून, पाण्यावरून येतो तसा, बायाबापड्यांचा, ठाय लयीत. दिवा आमी इझू देत नाय. सलोनीचा चेहरा उजळला. तिच्या घशातून काहीतरी घरघरलं. हेमालीच्या डोळ्यांना पाणी आलं. अजून एक, तिनं स्वतःला बजावलं, अजून एकच.

“तू त्यांस हाक मार.”

या खेपेला श्वास लांबून आला नाही. तो दाराला लागून आला. फळीच्या पलीकडं, अगदी अंगाजवळ, दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसांचा. दाराखालच्या फटीतून हॉलमधला उजेड जमिनीवर पडायचा, तो आता जागोजाग तुटला होता. तीच ओळ त्यांनी म्हटली आणि मग ती माणसं पुढच्या ओळीची वाट बघत थांबली.

पानाच्या मागच्या बाजूला पुढची ओळ होती, ती हेमालीनं बघितली नाही. पान पेटीत कोंबलं, मोबाइल पर्समध्ये टाकला, रंगखडू गोळा करायला लागली. घाईत खडू खाली पडत होते. पलीकडं काहीच आवाज नव्हता. शंभर माणसं आ वासून थांबली की जी शांतता होते, ती तिला पाठीवर जाणवत होती. खाली वाकून तिनं शेवटचा खडू उचलला.

वर बघितलं तर खुर्ची रिकामी होती.

हॉलचं दार सताड उघडं होतं. कडी हेमालीच्या कपाळाच्या उंचीवर होती, सलोनीचा हात तिथं पोचण्याची सोयच नव्हती.

आत बाकांच्या दोन रांगांमधून वाट गेली होती, आणि टोकाला, जिथं ओळ देणारा उभा राहायचा तिथं, सलोनी उभी होती, तोंड बाकांकडं करून. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे खाली आले होते. त्या कवडशांत हेमालीला पहिल्या बाकावर गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसले. ओले. पुढं झुकलेली डोकी दिसली आणि तोंडं दिसली, उघडी, एकसारखी, पोरीकडं वळलेली. चेहरे होते की नव्हते, हे तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. ती धावली. पोरीला कडेवर घेऊन तिनं मागं पाहिलं तेव्हा बाकांवर नुसती धूळ होती, आणि धुळीत कुणी बसल्याची खूण नव्हती.

व्हरांड्यात काका उठून उभे राहिले. हेमालीचा चेहरा बघून त्यांनी काय झालं ते विचारलं नाही.

“गीत पुरं केलंत काय?”

हेमालीनं मान हलवून नाही म्हटलं.

काकांनी सलोनीकडं बघितलं. सलोनी आईच्या खांद्यावरून उघड्या दारात बघत होती, आणि तिनं श्वास भरून घेतला होता. “जा घरी,” काका हळूच म्हणाले. “प्रभू तुमची राखन करो. आता जा.”

६

घरी येईपर्यंत हेमालीनं सगळ्याला कारण लावून टाकलं होतं. ऊन, उपास, झोपेची बोंब. कडी आधीच निसटलेली असणार. हॉलच्या पत्र्यात आवाज घुमतो. पुन्हा तिथं जायचं नाही, कानाला खडा. प्रबंधातलं ते प्रकरण गेलं उडत.

संध्याकाळी निमेश पाळीवरून आला, जमुनाबाई साखरपुड्याचे पेढे घेऊन आल्या. नेहमीसारखी लगबग सुरू झाली. कुकरची शिट्टी झाली. निमेशनं बूट काढून दार लावलं, कडी घातली आणि पंख्याखाली बसला. सलोनी घराच्या मधोमध उभी होती. आल्यापासून तिनं खेळणं हातात घेतलं नव्हतं की पाणी मागायला बोट दाखवलं नव्हतं.

मग तिनं तोंड उघडलं.

“दार उगडं हाय,” सलोनी म्हणाली, “आत या.”

आवाज किनरा, पण शब्द लख्ख. कुकर, पंखा, सगळं क्षणभर ऐकू येईनासं झालं. जमुनाबाईंच्या हातातला पेढ्यांचा पुडा खाली पडला. “बोलली! माझी बाय बोलली!” असं म्हणून त्या मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. निमेशनं पोरीला उचलायला हात पुढं केले. “माझ्या आयेची भाषा उचललीन बघ! सांगत नव्हतो मी?”

खरंच होतं ते. आजी अशीच बोलते. दिवसभर आजीचं ऐकून पोर आजीसारखी बोलली, यात नवल ते काय? हेमालीनं हे कारण घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण सलोनी बापाच्या हातात गेली नाही. ती जागची हलली नाही. ती थांबली होती. एकेकाच्या तोंडाकडं बघत, उत्तराची जागा रिकामी ठेवून थांबली होती, अगदी हेमाली थांबायची तशी.

आणि कुणी काही म्हणत नव्हतं, तसा तिचा चेहरा मिटत चालला. ओठ आत वळले. डोळ्यांतली ती नवी चमक विझायला लागली. हेमालीनं तो चेहरा चार वर्षं पाहिला होता. आता तो मिटला तर पुन्हा उघडणार नाही, हे तिला जितकं स्पष्ट कळलं, तितकं आयुष्यात दुसरं काही कळलं नव्हतं.

“अगो, तिला वाटतं आपुन तिच्यामागून बोलावं,” जमुनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “बोल ना सूनबाय! पोर वाट बगते.”

जिन्यात पावलं वाजत नव्हती. कुठलाच आवाज नव्हता. फक्त बंद दारापलीकडं, खूप जणांनी मिळून छातीत वारा भरून घेतल्यासारखं काहीतरी झालं, आणि ते तसंच धरून ठेवलेलं राहिलं. हेमालीनं सासूकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. दोघंही हसत होते, रडत होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

सलोनी आईकडं बघत होती.

“दार उघडं आहे,” हेमाली म्हणाली. “आत या.”

“दार उगडं हाय, आत या!” जमुनाबाईंनी टाळ्या वाजवत म्हटलं. निमेशनंही म्हटलं, मोठ्यानं, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. सलोनी हसली. जन्मापासून पहिल्यांदा ती खळखळून, आवाज काढून हसली. तिनं दोन्ही हात हेमालीच्या गळ्यात टाकले आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, “आई.”

मग तिनं बंद दाराकडं बोट दाखवलं.

“अरे हो, ऱ्हायलंच की!” निमेश हसत उठला. “माझी लेक म्हनते उगडं, तर उगडंच पायजे.”

तो कडी काढायला गेला. हेमालीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं, आणि त्याला थांबवलं नाही.